पाहणारा कोन?

आमच्या सावली गावच्या डोमाभाऊंना कुणी जाऊन सांगितलं, "भाऊ, तुमच्या झोपडीला आग लागली," तर ते आधी विचारणार, "पाहणारा कोन?" सांगणारा म्हणाला, "मीच पाहिली," तर धोतर सावरत धावत सुटणार. तो जर म्हणाला, "लोक म्हणतात बुवा," तर हातातली बिडी निवांत संपवणार. अतिशयोक्ती वाटत असेल, तर चहावाल्या रहीमभाईंना विचारा. एकदा खरंच डोमाभाऊंच्या झोपडीच्या कुडाने पेट घेतला होता आणि भाऊ बिडी संपवून मगच उठले होते.

डोमाभाऊ जातीचे ढिवर. तलावात जाळं टाकायचे, मासोळी विकायची आणि उरलेला वेळ गावाच्या बातम्यांना सुरुंग लावायचा, हा त्यांचा दिनक्रम. एकटेच राहत. छातीपर्यंत दाढी होती. दाढी का ठेवली, असं विचारलं की म्हणत, "न्हाव्याकडे गेलं का तो खबरा सांगते. एकही आपल्या डोळ्यानं पाह्यलेली नसते."

मी शाळेत मास्तर आणि वर नागपूरच्या एका दैनिकाचा सावलीचा वार्ताहर. पेपर यायचा मोटारीनं, दुसऱ्या दिवशी. रहीमभाईंच्या चहाच्या हॉटेलात मी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा गावचा रिवाज. तेव्हा कोरियाची लढाई चालू होती. कोरिया कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण अर्ध्या गावाने एक बाजू घेतली होती आणि अर्ध्याने दुसरी. शहर पडल्याची बातमी आली की एक बाजू चहा पाजायची. चार दिवसांनी तेच शहर पडलेलंच नाही असं छापून आलं की दुसरी बाजू. रहीमभाईंचं दोन्हीकडून भलं होत होतं.

एकदा मी असाच रंगात येऊन वाचत होतो. डोमाभाऊ कोपऱ्यातून म्हणाले, "मास्तर, हे खबर आली कुठून?"

"टोकियोहून."

"लढाई कुठी चालू हाये?"

"कोरियात. मध्ये समुद्र आहे."

"मंग टोकियोत बसून त्याले काय दिसते? मी इथी बसून सांगू काय वरोऱ्याच्या बाजारात कापूस काय भावानं जाऊन राह्यला?"

मी म्हणालो, "अहो भाऊ, विश्वसनीय सूत्रांकडून कळतं त्यांना."

"हे सूत्र कोनत्या गावचे? बापाचं नाव काय?"

हॉटेल हसलं. मीही हसलो. पण त्यानंतर 'विश्वसनीय सूत्रांकडून' हे शब्द वाचताना माझी जीभ उगीच अडखळायची, आणि त्याबद्दल मला या माणसाचा रागच यायचा.

त्यांच्या या कसोटीला तर्कट म्हणावं की शहाणपण, हे मला ठरवता आलं नाही. जगातलं सर्वांत उंच शिखर माणसाने सर केलं, ही बातमी त्यांनी चटकन मानली. "दोघं होते ना? एकानं दुसऱ्याले पाह्यलं असन. चालते." उलट आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, हे ते मानायलाच तयार नव्हते. "राती मध्य प्रदेशात झोपलो, सकाळी मुंबईत उठलो, अन् खाट जागची हलली नाई? काऊन थट्टा करता?"

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मजुरांच्या पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर रस्ते करायला गेले होते. तिथल्या गोष्टी क्वचित सांगत. "विमानातून कागद पडत, मास्तर. दुश्मनाचे पन अन् आपले पन. त्याईचे म्हनत, तुमचा साहेब पळून गेला. आपले म्हनत, त्याईचा साहेब पळून गेला. साहेब कोनाचाच पळाला नाई. आमी त्या कागदात तंबाखू गुंडाळून ओढली."

"आणि इकडे गावात?" मी विचारलं होतं.

"इथी आपले पेपर रोज जिंकून राह्यले होते. म्हनून लोकाईचा त्याच्यावरचा भरोसाच उडाला. मंग मालगुजाराच्या वाड्यातल्या रेडिओवर दुश्मन जे सांगे, तेच देववाणी. दोघंही खोटे, पन लोकाईले वाटे, एक खोटा हाये म्हनजे दुसरा खराच असन."

"मग?"

"मंग काय? लढाई संपली," असं म्हणून ते जाळं उचलून निघून गेले.

पुढे एका महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची जत्रा भरली होती. दुपारी गाडीवाल्यांनी खबर आणली की नदीत यात्रेकरूंना नेणारा डोंगा उलटला आणि सगळे गेले. त्या डोंग्यात आमचा नारायण शिंपी होता. हॉटेलशेजारी त्याचं मशीन. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तासाभरात नारायणच्या दारात बाया जमल्या. त्याची बायको गिरजा ओट्यावर सुन्न बसली होती आणि एक म्हातारी तिच्या बांगड्यांसाठी दगड घेऊन पुढे सरकली होती. मी कागद काढून नागपूरला पाठवायची बातमी लिहायला घेतली होती.

तेवढ्यात डोमाभाऊ आले. "पाहणारा कोन?"

गाडीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना दुसऱ्या गाडीवाल्यांनी सांगितलं होतं.

"काऊन घाई करता, बाई?" डोमाभाऊ म्हातारीला म्हणाले. "पहिले पाहणारा आना, मंग बांगडी फोडा." एवढं बोलून त्यांनी खांद्यावरचं जाळं गिरजा आणि बायांच्या मध्ये पसरलं. पसरलेल्या जाळ्यावर पाय द्यायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हातारी दगडासकट जागीच थांबली. भाऊंनी रहीमभाईंना पहाऱ्याला बसवलं आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, सायकल काढा." त्यांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता.

मी सायकल मारतोय आणि मागे कॅरिअरवर दाढीवाले डोमाभाऊ, अशी आमची वरात नदीवर पोचली. डोंगा खरंच उलटला होता. पण काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात. जवळच्याच वाळूत नारायण धोतर वाळत घालून, पंचा गुंडाळून जिलेबी खात बसला होता.

"घरी जा, लेका," डोमाभाऊ म्हणाले. "तिथी तुह्या बायकोच्या बांगड्या फोडून राह्यले." नारायणने जिलेबीचा पुडा तिथेच टाकला, ओलं धोतर काखेत मारलं आणि माझी सायकल घेऊन सुसाट सुटला. गिरजाच्या बांगड्या वाचल्या, हे नंतर घरी पोचल्यावर कळलं.

आम्हाला आता पायीच परतायचं होतं. मी निघायची घाई करत होतो, तर डोमाभाऊ दुपट्ट्याने दाढी-तोंड बांधून एका झाडाआड उभे. समोर वाळूत तीन दगडांच्या चुलीवर एक चाळिशीची बाई स्वयंपाक करत होती. शेजारी नवरा लाकडं फोडत होता, दोन पोरं भांडत होती.

"ही कोण?"

"पार्बता. माही बायको होती."

मग ते सावकाश सांगू लागले. ब्रह्मदेशाकडे त्यांची छावणी एका पहाडाखाली होती. ती तिथून हलल्यावर दुश्मनाच्या रेडिओने सांगितलं की त्या पहाडाखालचा एकही माणूस जिवंत नाही. नदीपलीकडच्या त्यांच्या मूळ गावात मालगुजाराने ऐकलं, गावाने मानलं. पार्बताच्या बांगड्या फुटल्या, तेरवी झाली आणि पुढे दुसऱ्याशी तिचा पाट लागला. भाऊ परत आले, तेव्हा गावाबाहेर भेटलेल्या पहिल्याच ओळखीच्या माणसाने हे सांगितलं. त्याला कुणाला न सांगायची शपथ घालून ते तिथूनच मागे फिरले, आणि नदीच्या या काठाला, सावलीत येऊन राहिले.

"पण तुम्ही जिवंत आहात हे तिला सांगत का नाही?" मी विचारलं.

"खबर खोटीच होती, मास्तर. पन त्या खबरीवर तिनं घर मांडलं. आता खरी सांगून मोडू काय?" मग म्हणाले, "दरसाली येतो. तिची खबर दुसऱ्याच्या तोंडची घेत नाई."

सावलीला परतल्यावर मी नागपूरला बातमी पाठवली: डोंगा उलटला, सर्व सुखरूप. ती छापून आली नाही.

दोन वर्षांनी भाऊंचे गुडघे गेले. जत्रेला त्यांना जाता येईना. न सांगता मीच गेलो, वाळूत हिंडून ती चूल शोधली आणि परतल्यावर थेट त्यांच्या झोपडीत जाऊन बसलो.

"पार्बताबाई बऱ्या आहेत," मी म्हणालो.

खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाहणारा कोन?"

"मी."

त्यांनी विचारलं, "हातात बांगड्या होत्या ना?"

"होत्या. हिरव्या."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले, आणि बिडी पेटवायला माझ्याकडे काडेपेटी मागितली.