विस्तिनचा एकांतवास

विस्तिन झाम्मितने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की तो गोझो बेटावर आठवडाभर फिरायला जाणार आहे आणि एकटा जाणार आहे.

"तुला जमायचं नाही," त्याची बायको जॉर्जिना म्हणाली.

"माझ्यासारख्या माणसाला एकटेपणाची भीती नसते. ओढ असते."

"मग जा बाबा," जॉर्जिना म्हणाली आणि सासूबाईंच्या गोळ्या मोजायला लागली. सासूबाई म्हणजे तिचीच आई. त्या गेली काही वर्षं त्यांच्याकडेच होत्या आणि टीव्हीसमोर होत्या.

विस्तिन पर्यटकांसाठी माहितीपत्रकं लिहायचा. गोझोची शांतता, गोझोचे कडे, गोझोचा मावळता सूर्य यांच्यावर त्याने आजवर इतकं लिहिलं होतं, की ते सगळं त्याच्या मालकीचं असावं असं वाचणाऱ्याला वाटे. माल्टाहून बोटीने गोझोला पोचायला एक कॉफी पिण्याइतकाच वेळ लागतो, त्यामुळे तो तिथे असंख्य वेळा गेलाही होता. पण दर वेळी गाडीच्या मागच्या सीटवर, दोन मुलांच्या मध्ये, मांडीवर भाजलेल्या मॅकरोनीचा गरम ट्रे धरून. गोझोचं त्याने खऱ्या अर्थाने जे पाहिलं होतं, ते ट्रेच्या पलीकडे जेवढं दिसेल तेवढं.

शनिवारी तो आर्ब गावातल्या एका गल्लीत, भाड्याच्या घरापाशी उतरला. किल्ली दाराला बाहेरूनच लावलेली होती. त्या गल्लीत प्रत्येक दाराला ती तशीच असते. ज्याला यायचंय त्याने फिरवावी आणि आत यावं. विस्तिनने किल्ली काढून घेतली आणि दार आतून लावून घेतलं. माल्टात सगळेच हे करतात. या गल्लीत मात्र दाराची किल्ली निघाल्याचं एकच उदाहरण होतं. सुतार फ्रान्झ वारला तेव्हाचं. आणि ती काही फ्रान्झने स्वतः काढली नव्हती.

जरा वेळाने दार वाजलं. समोरच्या घरातली चेत्तामावशी उभी होती.

"किल्ली आत विसरलास का रे बाळा?"

"नाही मावशी, मीच काढली."

"का?"

"जरा एकटं राहायचंय."

मावशीचा कमरेवरचा हात खाली आला. धडधाकट माणसाच्या तोंडून हे वाक्य तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"बायको कुठाय?"

"घरी."

"तिला ठाऊक आहे तू इथे आलायस ते?"

"तिनेच सांगितलं, जा म्हणून."

मावशीने छातीवर क्रूस काढला, घरी गेली आणि झाकलेला वाडगा घेऊन परत आली. माल्टात ज्याला 'विधवेचं सूप' म्हणतात, ते होतं. भाज्यांच्या पातळ रश्श्यात एक अंडं आणि एक चीजचा गोळा.

"बघ," ती म्हणाली, "अंड्यालासुद्धा सोबत लागते. खा आता."

रविवारी विस्तिन तापिनूच्या देवळात गेला. नवस फेडणाऱ्यांनी भिंतीवर टांगलेल्या वस्तू त्याने धंद्याच्या सवयीने नीट पाहिल्या. मेणबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरले, म्हणून रुमाल काढला. चार बाकं मागे चेत्तामावशीचा नवरा नार्दू बसला होता. नार्दू मेंढ्या पाळायचा आणि बोलायचं काम त्याने लग्नानंतर बायकोकडे सोपवून टाकलं होतं. पण त्या दिवशी घरी जाऊन तो तब्बल एक शब्द बोलला.

"रडला."

सोमवारी विस्तिन ताचेंचच्या कड्यावर गेला. खाली निळंशार पाणी, वर घिरट्या घालणारे पक्षी, आणि आसपास माणूस नाही. पंचवीस वर्षं ज्यावर लिहीत आलो ते हेच, असं मनाशी म्हणत तो जरा वाकला. तोच कोणीतरी मागून त्याचा पट्टा पकडला आणि त्याला मेंढीसारखं मागे ओढलं.

"बसून बघ," नार्दू म्हणाला.

"नार्दूकाका, मी फक्त पाहत होतो."

"बसून."

पट्टा हातात धरूनच नार्दूही शेजारी बसला. सूर्य बुडेपर्यंत त्याने तो सोडला नाही.

तिथून पुढे गल्लीने पाळ्या लावल्या. विस्तिन मिठागरांवर गेला, तर बेकरीवाला मिकिएल पाव घेऊन हजर. विस्तिन किल्ल्यावर गेला, तर मिकिएलचा मेहुणा तटाच्या आणि त्याच्या मधोमध उभा.

"दुसरा कोणी आहे का?" मेहुण्याने विचारलं.

"कुठे?"

"तिचा."

"कोणाचा?"

"असू दे. नाव घेणं जड जातं सुरुवातीला. माझ्या चुलतभावाला दोन वर्षं लागली."

मंगळवारी रात्री विस्तिनने किल्ली निमूटपणे बाहेर लावून ठेवली, की आता तरी सुटका होईल. झालं असं, की आता दार वाजवायचीही गरज उरली नाही. बुधवारी तो जागा झाला, तेव्हा पलंगाशेजारच्या खुर्चीवर फादर सिल्व्यु बसले होते.

"पोरा," फादर म्हणाले, "दोष कोणाचा हे मी विचारणार नाही."

"फादर, दोष कोणाचाच नाही. मी सहलीला आलोय."

"एकटा?"

"हो."

"आठवडाभर?"

"हो."

"आणि सुखात आहेस?"

"होतो," विस्तिन म्हणाला.

फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असे लोक त्यांनी पाहिले होते. त्यांची सख्खी बहीण माल्टात जॉर्जिनाच्याच वस्तीत राहत होती. त्यांनी बाहेर जाऊन तिला फोन केला, आणि ही गोष्ट कोणाजवळ बोलू नकोस असंही बजावलं. दुपारच्या आत जॉर्जिनाचा फोन आला.

"तू मला सोडलंयस हे मला पार्लरमध्ये केस धुवायला मान खाली घातली तेव्हा कळलं. शाम्पू डोळ्यांत गेला माझ्या."

"अगं, मी फक्त दार लावलं."

"केस कापणारीने पैसे घेतले नाहीत, विस्तिन. म्हणाली, आता तुला लागतील."

"मग तू खरं काय ते सांगितलंस ना?"

"सांगितलं, की नवरा एकटाच फिरायला गेलाय. त्यावर शेजारच्या खुर्चीतली बाई रडायला लागली."

गुरुवारी जॉर्जिना बोटीने आली. आईला दुपारपुरतं शेजारणीकडे सोडून आली होती. गल्लीत टेबलं मांडली होती, सशाचं कालवण शिजलं होतं, फादरांनी नवा झगा घातला होता. दोघांचे हात एकमेकांत देताना फादर विस्तिनकडेच बघत बोलले. टाळ्या पडल्या. चेत्तामावशी जॉर्जिनाला उराशी धरून म्हणाली, "किती सोसलंस गं पोरी," आणि जॉर्जिनाने, प्रामाणिकपणाचा जरा विचार करून, मान डोलावली.

मग ती घर बघायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. विस्तिन बघायला गेला तर ती खिडकीत बसली होती, चपला काढून.

"इथे टीव्ही नाही," ती म्हणाली.

"नाही."

"कोणी हाकही मारत नाही."

"आज पहिल्यांदाच. सगळे जेवतायत."

जॉर्जिना उठली, बाहेर गेली आणि मावशीच्या कानात काहीतरी बोलली. मावशीने ते गल्लीला मोठ्याने सांगितलं. पोरगी थकली आहे. तिला चार दिवस विश्रांती पाहिजे. घरी तिची म्हातारी आई आहे, तिच्याकडे आता जावयाने बघायला हवं. एवढं झाल्यावर तेवढं तरी तो करेलच.

"पण माझा आठवडा अजून—" विस्तिन म्हणाला.

गल्लीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने वाक्य सशाच्या कालवणाबरोबर गिळलं. संध्याकाळच्या बोटीपर्यंत नार्दू त्याला पोचवायला आला आणि बोट सुटेपर्यंत धक्क्यावर उभा राहिला. विस्तिन परत उतरू नये म्हणून.

रविवारी जॉर्जिनाचा फोन आला. ती कड्यावरून बोलत होती. मागे वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

"सोबत कोण आहे?" विस्तिनने विचारलं.

"कोणी नाही. चार दिवस एकटीच हिंडतेय. कोणी काही विचारतसुद्धा नाही," ती म्हणाली. "फार समजूतदार लोक आहेत रे. तुझं त्यांच्याशी का पटलं नाही, कळत नाही."

आतल्या खोलीतून सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला. विस्तिन उठला आणि वाढवून आला.