फियाटला हिसके का बसतात?

सोमवारी सकाळी महादेवरावांची फियाट आर्वी नाक्याकडे जाता जाता एकाएकी डावीकडे सरकली. फार नाही, वीतभरच. पण ज्या माणसानं एकतीस वर्षं एसटी चालवली आणि तेवढ्या काळात साधं कोंबडंही चाकाखाली येऊ दिलं नाही, त्याला वीतभर म्हणजे कोसभर. महादेवरावांनी गाडी कडेला घेतली, उतरून चारही चाकं पाहिली, बॉनेटवर हात फिरवला आणि घराकडे वळवली. दूध आणायचं राहूनच गेलं.

फियाट त्र्याऐंशी सालची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती एका डॉक्टरकडून घेतली होती आणि तेव्हापासून तिला घरच्या लेकीसारखं जपलं होतं. "ही माही सावत्र बहीण," असं त्यांचा मुलगा हेमराज पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे, महादेवराव हसायचे नाहीत.

रात्री जेवताना धुरपताबाईंनी विचारलं, "काऊन जी, मुकाट्यानं खाऊन राह्यले?"

"गाडी हिसके मारून राह्यली."

"आपली?"

"नाई, कलेक्टरची!"

धुरपताबाईंनी भाकरी वाढली. मग जरा विचार करून म्हणाल्या, "रिकामी होती का गाडी?"

"मी एकटा होतो. रिकामीच म्हणा ना."

"हं," धुरपताबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या. त्या 'हं'मध्ये पुढचं सगळं रामायण होतं, पण महादेवरावांचं लक्ष वरणाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी कैलास मिस्त्रीनं गाडीखाली सरपटत जाऊन निदान केलं. "काका, समोरच्या चाकाचं रबरी बुश गेलं. दोन मिनिटाचं काम." दोन मिनिटांचे दोन तास झाले, पण बुश बदललं, आणि गाडी खरंच लोण्यासारखी चालली. महादेवराव खुशीत घरी आले आणि निवांत झोपले.

बुधवारी सकाळी गाडीनं पुन्हा हिसका दिला. आदल्यापेक्षा मोठा. वर आता सुकाणू हातात असं हलकं लागत होतं, की फुंकर मारली तरी वळावं. कैलासनं पुन्हा पाहिलं. "मागून बसली थोडी. चाळीस वर्षाची गाडी आहे काका, कमानी थकल्या असतीन. माणूसबी वाकतेच ना."

"अन् हिसके?"

"तेच समजून नाई राह्यलं."

मग शेजारचे आनंदराव आले. ते विज्ञानाचे मास्तर होते, त्यामुळे त्यांना विचारावं लागत नसे. त्यांनी टायरला लाथ मारून सांगितलं, "हवा जास्त आहे. कमी करा." महादेवरावांनी कमी केली. गुरुवारी गाडी आणखी डुलली. "मग वाढवा," आनंदराव म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

रोज संध्याकाळी धुरपताबाई न चुकता विचारत, "आज कशी होती?" आणि महादेवराव न चुकता सांगत, "कालच्यापेक्षा खराब." त्या सुस्कारा टाकत. दुसऱ्या दिवशी महादेवराव पायी बाजारात गेले की दाराशी भाजीवाला गोपाल येई. त्याला हल्ली या घरी भाजी न घेताही चहा मिळू लागला होता.

शुक्रवारी महादेवराव गाडी घेऊन चाकं जुळवण्याच्या मशीनवर गेले. तिथल्या माणसानं चाकांना चकत्या लावल्या, पडद्यावर आकडे हिरवे झाले. "काका, गाडी एकदम ओके आहे. काहीच दोष नाई."

महादेवराव पैसे देऊन गाडीत बसले. गाडीत दोष नाही, तर मग दोष कोणात आहे?

परतीच्या रस्त्यावर त्याचं उत्तर मिळाल्यासारखं झालं. वळणावर गाडी सरळ एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फलकात शिरली. फलक अलगद बॉनेटवर आडवा झाला. काच पूर्ण झाकली नव्हती, म्हणून महादेवराव पन्नास पावलं त्या हात जोडलेल्या माणसाला घेऊन तसेच गेले. लोकांना वाटलं प्रचार सुरू झाला. दोघांनी नमस्कारही केला.

घरी हेमराजनं चेहरा गंभीर केला. "बाबा, एक बोलतो, राग मानू नका. गाडी चांगली आहे असं मशीननं सांगितलं ना? मग... तुमचं आता एकाहत्तर झालं. हातांचं काही सांगता येत नाई."

त्यानं वाईट मनानं म्हटलं नव्हतं, पण महादेवरावांच्या काळजात ते रुतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघराची कडी लावून त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि हात लांब करून धरला. पाणी सांडलं. डाव्या हातात धरला, तरी सांडलं. आता काठोकाठ भरलेला पेला टक लावून पाहत धरला तर पैलवानाचाही सांडेल, पण हे त्यांना कोण सांगणार? दुपारी ठेचा खाल्ला तर तोही पहिल्यासारखा लागेना, नुसता लगदा. "जीभबी गेली," ते मनात म्हणाले. ज्या हातांनी पावसाळ्यात, भरल्या नाल्यांवरून साठ-साठ माणसं घरी पोचवली, ते हात आता आपले राहिले नाहीत, या विचारानं त्यांना भडभडून आलं. त्यांनी हेमराजला सांगितलं, "विकून टाक."

रविवारी नागपूरहून आदेश नावाचा माणूस आला. जुन्या गाड्या जमवायचा त्याला नाद होता. गाडी दाखवायला कैलासलाही बोलावलं होतं. महादेवराव ओट्यावर बसून राहिले, गाडीकडे पाठ करून.

"इंजिन मस्त आहे," आदेश म्हणाला. "डिकी दाखवता का?"

डिकीचं मूळचं कुलूप वर्षापूर्वी बिघडलं होतं. तेव्हापासून तिला कडी लावून साधं कुलूप घातलं होतं, आणि किल्ली असायची धुरपताबाईंकडे. सामान मागच्या सीटवर जाई, त्यामुळे डिकीकडे कुणी फिरकतही नसे.

"किल्ली हरपली," धुरपताबाई दारातूनच म्हणाल्या.

"आई, मग कमरेले काय वाजून राह्यलं?" हेमराजनं विचारलं.

धुरपताबाईंनी जुडगा काढून दिला आणि पदर तोंडाला लावला. कैलासनं कुलूप काढलं, डिकी उघडली आणि दोन पावलं मागे सरला. आत पोत्यांवर, लेकरं निजवावीत तसे, नीट ओळीनं मांडले होते: पाटा, वरवंटा, दगडी उखळ, धुण्याचा दगड आणि जात्याचे दोन्ही दगड.

"हे गाडीसोबत येतं का?" आदेशनं विचारलं.

महादेवराव उठून आले. "धुरपते, हे काय व?"

"ओरडू नका," धुरपताबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हटलं ना, गाडी रिकामी होती म्हणून? माहेरी तळेगावले बाबाच्या दोन बैलबंड्या होत्या. रिकामी बंडी हिसके मारते, भरली बंडी गुमान चालते. म्हणून गोपालले सांगून मंगळवारी रात्री पाटा ठेवून घेतला. तुम्ही म्हटलं अजून खराब. मले वाटलं वजन कमी पडलं. मग उखळ ठेवलं. मग धुण्याचा दगड. कालच्याले जातं."

"अन् मले सांगितलं नाई?"

"हसले असते तुम्ही."

कैलास हसत नव्हता. तो डिकीकडे पाहून डोकं खाजवत होता. "काकू, बंडीत भार मधात राह्यते. तुम्ही सारा मागं टाकला. तोंड उचललं गेलं गाडीचं. समोरची चाकं जमिनीले नीट दबतच नाईत, मग सुकाणू कोणाचं ऐकीन?"

धुरपताबाई शेतकऱ्याची लेक. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. मागे जास्त भार झाला की जू वर उचललं जातं, बैल लटकतात, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अव माय! उलाळ केली की मी गाडी!" त्यांनी कपाळावर हात मारला.

आता सगळे हसले. महादेवराव मात्र स्वतःच्या हातांकडे पाहत होते, उलटे करून, सुलटे करून.

"मंगळवारी बुश बदललं तेव्हाच बरी झालती का गाडी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मंगळवारीच, काका."

"म्हणजे माहे हात..."

"हाताले काय झालं?" धुरपताबाई पुढे आल्या.

"मले वाटलं, गेले माहे हात. म्हणून विकून राह्यलो होतो."

धुरपताबाईंचं हसू मावळलं. चारचौघांत त्यांनी आजवर नवऱ्याचा हात धरला नव्हता, तो आता दोन्ही हातांनी धरला. "एवढे दिवस मनात घेऊन बसले? मले सांगितलं काऊन नाई?"

"हसली असती तू."

"नसती हसली," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. हेमराजनं जात्याचा वरचा दगड उचलला. तो घरात नेईपर्यंत त्याची कंबर धरली, आणि ते बरंच झालं असं महादेवरावांना वाटलं.

रिकामी फियाट आर्वी नाक्यापर्यंत गेली आणि आली, सुतासारखी सरळ. आदेश खाली उतरला तो गाडीच्या प्रेमात पडूनच. "काका, सांगाल ती किंमत."

"नाई जी," महादेवराव म्हणाले. "खराब असती तर देल्ली असती. जेवून जा."

जेवणात मिक्सरचा नव्हे, पाट्यावर वाटलेला ठेचा होता. आदेशच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. महादेवरावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. जीभही शाबूत होती.

पुढच्या आठवड्यात दोघं गिरडला निघाले. गाडी सुधारावी म्हणून धुरपताबाईंनी तिथल्या दर्ग्याला मनातल्या मनात नवस बोलला होता, तो फेडायचा होता. समुद्रपूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी, रस्ता मोकळा, महादेवरावांची बोटं सुकाणूवर सैल.

"आज कशी चालून राह्यली?"

महादेवरावांना चेष्टा सुचली. "चांगली आहे. थोडी रिकामी वाटते."

धुरपताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पायाशी ठेवलेली पिशवी उघडली आणि हळूच वरवंटा बाहेर काढला. "मले ठाऊकच होतं. एक आणला, फक्त एकच."

महादेवरावांनी खूप वेळ रस्त्यावरची नजर हलवली नाही. हलवली असती तर गाडी नक्की शेतात गेली असती.

"पायापाशीच ठेवजो," ते म्हणाले. "समोर असला म्हणजे चालते."