खांबापाशी धामणकर

आमच्या धामणकरांकडे टेलिव्हिजन होता. मुंबईत टेलिव्हिजन यायच्या कितीतरी आधी, मुरब्यासारख्या मासेमारीच्या गावात, हिरूबाईच्या घरातल्या पुढच्या खोलीत तो होता. आणि धामणकरांनी तो कधी पाहिला नव्हता. म्हणजे पेटी पाहिली होती, रोज फडक्याने पुसतही होते. पण तिच्यात चुकूनमाकून काही हललं, तर त्या वेळी ते बाहेर अंगणात एरियलचा खांब धरून उभे असायचे आणि ओरडायचे, "येतंय का?" आतून कोणी "येतंय, येतंय" म्हटलं की खांब सोडून धावत आत यायचे. त्यांनी खांब सोडला की आलेलं जायचं आणि पडदाभर मुंग्या उरायच्या, काळ्यापांढऱ्या, वळवळणाऱ्या. "गेलं वाटतं," असं म्हणून ते पुन्हा खांबाकडे वळायचे.

मी तेव्हा मुरब्याच्या शाळेत मास्तर होतो. हिरूबाई कोळीण, विधवा, एकटी. घराच्या पुढच्या दोन खोल्या तिने भाड्याने दिल्या होत्या, एक मला आणि एक धामणकरांना. धामणकर मूळचे वर्ध्याकडचे, चाळिशी उलटलेले, सडेफटिंग. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या भांडारात ते कारकून होते. सकाळी सायकलने बोईसरच्या रस्त्याला लागायचे आणि तिथून कामगारांच्या ट्रकमध्ये बसायचे.

पेटी त्यांना तिथेच मिळाली. एक परदेशी इंजिनिअर सगळं घरसामान जहाजात घालून घेऊन आला होता, त्यात टेलिव्हिजनही आणला होता. इथे त्यात काही दिसत नाही, हे त्या गृहस्थाला इथे आल्यावर कळलं. परत जाताना त्याने ती पेटी धामणकरांच्या गळ्यात मारली. आपली वीज तिला मानवत नसे, म्हणून सोबत एक ट्रान्सफॉर्मर दिला. तो दमेकऱ्यासारखा घरघरायचा. गावात वीज नुकतीच आली होती, तीही मर्जी असेल तेव्हा. त्यामुळे कधी वीज नसायची, कधी धामणकर नसायचे, आणि दोन्ही असले तर मुंग्या असायच्या.

"धामणकर," मी म्हणायचो, "दिल्ली सोडली तर देशात टेलिव्हिजन नाही. या पेटीत तुम्हाला दिसणार काय, कपाळ?"

"दिशा सापडली पाहिजे, मास्तर."

हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. चहा जास्त गोड झाला, दिशेची चूक. माझ्या वर्गातला पोरगा गणितात गटांगळ्या खातोय, त्याचीही दिशा चुकलेली. एकदा मी आगाऊपणे विचारलं, लग्न का नाही केलंत? ते सायकलची चेन बसवत होते. वर न बघता म्हणाले, "दिशेची चूक, मास्तर. दुसरं काही नाही."

एरियल त्यांनी भंगारातल्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा केला होता. एका आडव्या दांड्याला ओळीने नळ्या बांधलेल्या, आणि तो सांगाडा बांबूच्या टोकावर. आधी त्याचं तोंड मुंबईकडे होतं. का, तर मुंबईत उद्या सुरू झालं तर पहिलं दर्शन आपल्याला. मग त्यांनी ते दिल्लीकडे फिरवलं. मुरब्याहून दिल्लीकडे पाहिलं की आधी माड दिसतात आणि त्यामागे डोंगर. तेवढंच आम्ही महिनाभर पकडलं.

मध्येच एकदा बांबू फाटला, म्हणून त्यांनी एरियल खाली उतरवून अंगणात दोन खुंटांवर टेकवला आणि कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघतात तो प्रत्येक नळीवर बोंबील. जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने, शिस्तीत वाळत घातलेले. मुरब्यात हाताच्या उंचीवर आडवं काही दिसलं आणि त्यावर बोंबील चढले नाहीत, असं होत नसे.

"हिरूबाई, हा एरियल आहे."

"मंग? वारा बेस लागतो त्याला."

"अहो, पण त्याला मासळीचा वास लागेल."

"तुमच्या पेटीत वास येतो काय?" हिरूबाईने विचारलं. धामणकरांनी वाकून एक नळी हुंगली. मला मात्र बऱ्याच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसरा कोणी चिडला असता. धामणकर विचारात पडले. बोंबलांसकट पेटी लावून पाहिली आणि त्यांना मुंग्या किंचित बारीक झाल्यासारख्या वाटल्या. झालं. नवा बांबू त्यांनी मुद्दाम हात पोचेल एवढाच रोवला आणि पुढे आठवडाभर ओल्या बोंबलांवर जास्त येतं की सुक्या, याचा तपास चालला. गावातल्या मांजरांनी आमच्या अंगणात मुक्काम ठोकला. मी नाकाला रुमाल लावून वह्या तपासत असे.

पण त्या बोंबलांनीच काम केलं. वैशाखातली गोष्ट. वारा पार पडला होता, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निपचित. हिरूबाईने सुके बोंबील ओरबाडून काढताना एरियलच फिरवून टाकला, तोंड थेट समुद्राकडे. दिवेलागणीला धामणकरांनी सवयीने पेटी लावली आणि खांब धरायला बाहेर गेले. आत मी होतो, हिरूबाई होती आणि शेजारचे म्हातारे पांडू तांडेल होते. मुंग्या एकाएकी बाजूला सरल्या आणि त्यातून एक माणूस आला. डोक्यावर पांढरं फडकं, त्यावर काळं कडं. तो काही वाचून दाखवत होता, आवाजही येत होता, अक्षर कळत नव्हतं.

"येतंय का?" बाहेरून धामणकर.

तांडेल तरुणपणी जहाजावर खलाशी होते. ते पुढे सरकून म्हणाले, "ह्यो अरब हाय. कुवेताकडचा. असली मानसं मी धक्क्यावर पायलीत."

कुवेत म्हटल्याबरोबर हिरूबाईच्या हातातली टोपली खाली आली. तिचा मुलगा जानू खलाशी होऊन तिकडेच गेला होता. सुरुवातीला परत येणाऱ्या माणसांबरोबर निरोप यायचे. मग येईनासे झाले. तो आहे की नाही, हे सांगणारं गावात कोणी नव्हतं, आणि तिला ते विचारायची माझी कधी छाती झाली नाही. पडद्यावरचा तो माणूस दोन मिनिटं दिसला असेल. मी हाक मारली, धामणकर धावत आले, तेव्हा मुंग्या होत्या.

"मध्ये डोंगर नाही ना," कुवेतचं नाव ऐकून ते धापा टाकत म्हणाले. "हवा तापली, वारा पडला, की पाण्यावरून घसरत येत असणार. दिशा हीच होती, मास्तर."

दुसऱ्या दिवशी हिरूबाई दिवेलागणीच्या आधीच आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, केसांत अबोलीचा वळेसर; विधवेला गाव काय म्हणेल, याची पर्वा नाही. येऊन पेटीसमोर पाटावर बसली. मला हळूच म्हणाली, "मास्तर, तो मानूस मला दिसला. तवा मी बी त्याला दिसली असंन ना? त्याच्या मागं माजा जानू उबा असला, तर त्याला बी दिसंन."

मी तोंड उघडलं. समोरचा चुकला की दुरुस्त करायचं, हा माझा धंदाच. तेवढ्यात धामणकरांनी माझा दंड धरून मला बाहेर नेलं.

"मास्तर, तुमचं विज्ञान शाळेत ठेवा."

"अहो, पण पलीकडून काही दिसत नाही, हे तिला कोणी..."

"मला काय ठाऊक? मी अजून अलीकडूनही पाहिलेलं नाही."

मग ते आत गेले. खोलीतला दिवा हिरूबाईच्या पाठीमागे होता. त्यांनी स्टुलावर चढून त्याची वायर सोडवली, ताणून पुढे आणली आणि दिवा पेटीच्या डोक्यावर टांगला. उजेड आता बरोबर हिरूबाईच्या तोंडावर पडत होता. पडद्यावरचं त्यामुळे आणखी पुसट दिसू लागलं, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. "मान थोडी वर घ्या, हिरूबाई," एवढंच म्हणाले आणि खांबाकडे गेले.

वैशाखभर हे चाललं. चित्र आलं ते मोजक्याच वेळा, हिरूबाई मात्र रोज आली. कधी एक बाई गाताना दिसे, कधी नुसतीच कुठली तरी इमारत. प्रत्येक चेहऱ्यामागे ती वाकून बघायची. मी विनोद करायचं सोडून दिलं होतं. धामणकर कामावरून आले की हातपाय न धुताच खांबाला लागत. गावातल्या प्रत्येकाला विचारत, "वारा पडला का हो?" ज्यांची होडी वाऱ्यावर चालायची, ती माणसं या प्रश्नाने चिडायची.

मग आभाळ भरायला लागलं. होड्या ओढून वर घेतल्या गेल्या. धामणकर म्हणाले, उद्या एरियल उतरवायलाच हवा, नाहीतर वादळात जाईल. शेवटच्या संध्याकाळी वारा सुटला होता. काही येणार नाही हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. हिरूबाई लुगडं नेसून हजर होती.

बराच वेळ मुंग्यांकडे बघून तिने हाक मारली, "सायेब, तुमी आत या."

"मी आलो तर खांब कोण धरणार?"

"मास्तर धरतील."

मी निमूट बाहेर गेलो. खांब वाऱ्याने थरथरत होता. तो दोन्ही हातांनी धरून मी खिडकीतून आत बघितलं. धामणकर दारात घोटाळले. मग त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, तळहाताने केस बसवले आणि फोटो काढायला बसतात तसे, गुडघ्यांवर हात ठेवून, हिरूबाईच्या शेजारी ताठ बसले. आपल्या टेलिव्हिजनसमोर ते पहिल्यांदाच बसत होते.

"जानू," हिरूबाई पेटीला म्हणाली, "हे बघ, हे धामनकर. तुज्या खोलीत रातात. मला ताप आला तवा पालघरवरना दवा यांनीच आनला. तू माजी काळजी करू नको. मी एकटी नाय."

धामणकरांना असं कोणी कोणाला दाखवल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी पडद्याकडे बघून सावकाश हात जोडले. काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी ओरडलो, "येतंय का?"

खिडकीतून मला पडदा स्वच्छ दिसत होता. त्यावर मुंग्यांशिवाय काही नव्हतं.

"येतंय, मास्तर," धामणकर म्हणाले. "खांब सोडू नका."

मी सोडला नाही.