द्वारकाबाईंच्या पांढऱ्या फरशा

एका जंगलात, ओढ्याकाठच्या बांधाखाली, द्वारकाबाई नावाची एक घूस राहत होती. तिची दोन बिळे होती. मुलांनो, जंगलात ज्याला एक बीळ असते त्याला प्राणी म्हणतात आणि ज्याला दोन असतात त्याला घरमालक म्हणतात. द्वारकाबाई घरमालकीण होत्या. दुसऱ्या बिळाच्या भाड्यापोटी जी ज्वारी येई तिच्यावर त्यांचा पावसाळा निघत असे.

त्या बिळात नऊ वर्षे मुंगसाचे बिऱ्हाड होते. माणसे चांगली होती. एके दिवशी मुंगूसवहिनी म्हणाली, "मावशी, स्वयंपाकघरातली मोरी तुंबते. भांडी घासली की पाणी पायात येतं. तेवढं बघता का?"

द्वारकाबाई लगेच बघायला आल्या. त्यांनी मोरी सोडून सगळे पाहिले. भिंत धुराने काळी झाली होती. फडताळाचे दार एका बिजागरीवर लोंबत होते. एवढे जरा नीटनेटके केले तर भाडे वाढवता येईल, असे त्यांच्या मनात आले.

त्यांनी सुतारपक्ष्याला बोलावले. तो जंगलातला मिस्त्री होता.

"कणगीतली निम्मी ज्वारी देईन," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यात सगळं नवं दिसलं पाहिजे."

"नवं करायचं का नवं दिसायचं?"

"दिसायचं."

"मग होतंय," मिस्त्री म्हणाला. "फडताळाची दारं हीच ठेवू. वरनं रंग मारू, मुठी नव्या बसवू. मूठ नवी असली की दाराचं वय कोण इचारत न्हाई. भिंतीला सिंहमहाराजांच्या न्हाणीघरातल्या उरलेल्या फरशा हायत, पांढऱ्याशुभ्र. तीन फुटक्या हायत, त्या शेगडीमागं लपवू. मोरीचं काय करायचं? तिच्यासाठी बांध उकरावा लागंल."

"मोरी दिसते का?"

"न्हाई."

"मग राहू दे."

आठ दिवसांत काम झाले. द्वारकाबाई स्वयंपाकघरात शिरल्या आणि उभ्याच राहिल्या. दारातून आलेला उजेड फरशांवर पडून सगळीकडे पसरला होता. त्यांनी जन्मभर काळ्या भिंतीसमोर बसून भाकऱ्या थापल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. मुलांनो, इथे हसू नका. आपल्या हातून एखादी देखणी गोष्ट व्हावी असे घुशीलाही वाटते.

तिसऱ्या दिवशी मुंगूसवहिनीने आमटीला लसणाची फोडणी घातली.

वास येताच द्वारकाबाई धावत आल्या. दोन फरशांच्या सांध्यात हळदीचा एक ठिपका बसला होता. त्यांनी तो पदराने पुसला, लिंबाने घासला, राखेने घासला. तो गेला नाही. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

सकाळी त्यांनी अटी सांगितल्या. फोडणी घालायची नाही. पापड भाजायचा नाही. हळद घराबाहेर ठेवायची. मुठींना ओला हात लावायचा नाही. आणि भाडे दीडपट.

"फोडणीशिवाय आमटी कशी व्हायची, मावशी?"

"उकडून खा. उकडलेलं प्रकृतीला बरं."

"मी फक्त मोरी बघा म्हटलं होतं," वहिनी म्हणाली. तिने पोरे गोळा केली आणि भांडी बांधायला घेतली.

मुंगूस तसा कमी बोलायचा. निघताना तो म्हणाला, "नऊ वर्षांत या बांधाला साप दिसला नाही, मावशी. ते काही फरशांमुळं नव्हतं."

"ते करारात लिहिलेलं नव्हतं," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरे होते.

बीळ रिकामे झाले. ससा पाहून गेला. त्याने गाजराचा हलवा किती वेळ परतता येईल असे विचारले. साळिंदरीण पाहून गेली. तिने पापड कुठे भाजायचे असे विचारले. द्वारकाबाईंनी दोघांनाही नमस्कार केला. दोन महिने गेले. कणगीचा तळ दिसू लागला आणि आभाळ भरून यायला लागले. द्वारकाबाई एक वेळ जेवू लागल्या, पण फरशा रोज दोन वेळा पुसत होत्या.

मग एक दिवस अजगर आला. त्याने अटी शांतपणे ऐकून घेतल्या.

"मला सगळ्या मान्य आहेत," तो म्हणाला. "मी शिजवतच नाही."

"चहासुद्धा नाही?"

"नाही. महिन्यातून एकदा जेवतो. भांडं लागत नाही, तेल लागत नाही, खरकटं निघत नाही."

"आणि मुठी?"

"मला हात नाहीत, बाई."

द्वारकाबाईंना गहिवरून आले. असा भाडेकरू पूर्वपुण्याईशिवाय मिळत नाही. अजगराने अकरा महिन्यांचे भाडे आगाऊ आणून दिले. ती ज्वारी पलीकडच्या रानउंदरांची होती. त्यांना ती आता लागत नव्हती.

महिनाभर द्वारकाबाई सुखात होत्या. त्या रोज पाहणीला जात. फरशा लख्ख, शेगडी थंड. मोरीसुद्धा तुंबली नव्हती. मुंगसांचीच भांडी वाईट होती, हे त्यांच्या लक्षात आले. अजगर कोपऱ्यात वेटोळे घालून पडलेला असे. तो कधी तक्रार करत नसे. जाता येता द्वारकाबाई त्याची विचारपूस करत आणि आपली प्रकृती सांगत. पोटभर ज्वारी खाऊन त्यांच्या अंगावर चांगले मांस चढले होते.

महिना भरला त्या दिवशी त्या फरशा पुसत होत्या. मागून अजगर म्हणाला, "बाई, आज माझा जेवायचा दिवस."

"जेवा की," द्वारकाबाई वळूनही न पाहता म्हणाल्या. "फक्त काही सांडू नका."

"नाही सांडणार," अजगर म्हणाला.

तो शब्दाचा पक्का होता.

तात्पर्य : खर्च बेताचा असला तरी भिंतीला पांढऱ्याच फरशा लावाव्यात. द्वारकाबाईंच्या अजून नव्यासारख्या आहेत.