पिंपळावरची मंजुळा, भाग तिसरा

पडद्यावर हडळीनं केस मोकळे सोडले आणि देऊळघाटच्या प्रेक्षकांना हसू आवरेना. मोतीरामनं कपाळावर हात मारला. त्याच्या टुरिंग टॉकीजचा 'पिंपळावरची मंजुळा' हा भुताचा बोलपट इतक्या काटकसरीत काढलेला होता की नवरी आणि हडळ एकाच साडीत वावरत. तेही लोकांनी चालवून घेतलं असतं. पण हडळ तोंड उघडून म्हणाली, "आपण मला ओळखलं नाहीत का?"

"भूत पुण्याचं दिसते बे," कोणीतरी म्हणालं. "बसाले चटई द्या तिले."

देऊळगाव राजाच्या बालाजी यात्रेत तंबूला जागा मिळावी म्हणून मोतीरामनं जिवाचं रान केलं होतं. जागा वाटणारे शालिग्रामजी लवकरच खेळ पाहायला येणार होते, आणि हशा पिकवणारं भूत यात्रेत कोण उभं करील?

त्याची सासू अंबूबाई गावातच राहायची. ती म्हणाली, "जावईबापू, तिचं तोंड बंद करा. पुढचं माह्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी बोलपटाचा आवाज बंद करून अंबूबाईला माईक देऊन पडद्यामागे बसवलं. सुटाबुटातला नायक पिंपळाखाली आला आणि हडळ गरजली, "काऊन रे मुडद्या, माह्या बांधावरची बोरं कोणाले इचारून तोडली?"

पुढच्या रांगेतले उकंडराव ताडकन उठले. बोरं त्यांनीच तोडली होती. ते घरी पोचले, चपला तंबूतच राहिल्या.

मग लोक पुढचा भाग मागू लागले. पुढचा भाग कधी निघालेलाच नव्हता. मोतीरामनं तीच रिळं उलटसुलट लावून पाटीवर 'भाग दुसरा' रंगवलं. पहिल्या भागात गळा दाबलेला नवरदेव दुसऱ्यात धडधाकट फिरत होता, पण कोणी चकार शब्द काढला नाही. हडळीच्या तोंडून आपलं नाव निघू नये म्हणून जो तो देवाचा धावा करी, आणि शेजाऱ्याचं निघावं म्हणून रोज येई.

तिसऱ्या भागाला शालिग्रामजी आले. त्याच दिवशी सासूनं पाटीवर आपलं नाव मागितलं होतं आणि "बाईमाणसाचं नाव बरं दिसत नाही, मामी," असं म्हणून मोतीरामनं ते उडवून लावलं होतं.

पडद्यावर मंजुळेनं डोळे वटारले. "लोकहो, ह्या मोतीरामले ओळखून ठेवा. हडळीचा खेळ लावते अन् अंधारात एकटा परसाकडं जाले भेते. माही पोरगी कंदील घेऊन संगं जाते."

मोतीरामनं धावत जाऊन इंजिन बंद केलं. पडदा विझला, भोंगा मुका झाला, तंबूत काळोख पसरला. आणि त्या काळोखात हडळ तशीच बोलत राहिली. अंबूबाईला मुळात माईक लागतच नव्हता, हे जावयाच्या ध्यानात यायला उशीर झाला. लोकांनी कनाती फाडून धूम ठोकली.

शालिग्रामजी चाचपडत आले आणि त्यांनी मोतीरामचा हात घट्ट धरला. "जागा दिली," ते म्हणाले. "पाहिजे तिथं तंबू लावा. तेवढी हडळ इथंच राहू द्या."

"काऊन?" अंधारातून आवाज आला. "मंग पोरगी थकली तं जावयाचा कंदील कोण धरीन?"