पाण्याचा आकडा सात

साहेबांना येळवसेचं जेवण द्यायचं ही कल्पना शिवशंकरची स्वतःची होती. त्यामुळे पुढे जे काही झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. तसा त्यानं तो मारायचा प्रयत्न केला, ही गोष्ट वेगळी.

शिवशंकर एका पतसंस्थेच्या लातूर शाखेत कारकून होता. संस्थेच्या दूरच्या किनवट शाखेतला माणूस नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीत कुणाला नेऊन बसवायचं, हे विभागीय व्यवस्थापक सोनकांबळे साहेब ठरवणार होते. शिवशंकरचं किनवटशी काही वैर नव्हतं. पण त्याची बायको राजकन्या रेणापूरला शाळेत शिक्षिका. ती काही नोकरी सोडून किनवटला येणार नव्हती, आणि शिवशंकरला स्वतःच्या हातचं खाऊन जगायचं नव्हतं. स्वयंपाकात त्याची मजल चहापर्यंत, तीही साखरेचा डबा कुठला हे कुणी दाखवलं तर.

म्हणून हा बेत. वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, लातूरचा माणूस घरात सापडत नाही. जो तो कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवत असतो. साहेबांनाही शेतात न्यायचं, डाळी-भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे आग्रह करकरून वाढायचे, वर थंडगार आंबील पाजायची, आणि माणूस कडब्याच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, आडवा झाला की हळूच बदलीचा विषय काढायचा. भरल्या पोटी कुणाला किनवटला पाठवणं साहेबांना जड जाईल, असा शिवशंकरचा हिशेब होता.

साहेब नांदेडहून यायला तयार झाले. फक्त फोन ठेवता ठेवता म्हणाले, "दुपारी हेड ऑफिसची व्हीसी आहे हो माझी, व्हिडिओ मीटिंग. आणि माझा लॅपटॉप वायर लावल्याशिवाय चालत नाही. शेतात लाइट असते ना?"

"असती की साहेब! कवाबी या!"

खरं तर त्या आठवड्यात शेताला रात्रीची लाइट होती. दिवसा त्या तारांचा उपयोग फक्त पाखरांना बसायला होत होता.

"खरं सांगायला काय झालतं?" राजकन्येनं विचारलं.

"साहेबाला न्हाई म्हणतेत का कुणी?"

"मग आता लॅपटॉप काय बैलाच्या शिंगाला लावता?"

शिवशंकरनं मोबाइलवर एक यंत्र पाहून ठेवलं होतं. सुटकेसएवढं खोकं, घरी चार्ज करायचं, पाहिजे तिकडं उचलून न्यायचं. पॉवर स्टेशन. त्यातच हवामानवाल्यांनी येळवसेच्या सुमारास अवकाळी पाऊस सांगितला. म्हणजे घ्यायचं तर पावसाला न भिणारंच घ्यायचं.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळ मन्मथ शेठचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. शेठनं तीन खोकी काउंटरवर मांडली.

"हे बगा, ह्याच्यावर दोन आकडे असतेत. पयला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ह्याचा पाण्याचा आकडा चार. शिंतोडे उडले तर काय होत न्हाई."

"आन् आडवा पाऊस आला तर?"

"मग हे पाचवालं घ्या. पाइप लावून धुवा."

"आन् सगळंच पाण्यात पडलं तर?"

मन्मथ शेठनं चष्मा काढून त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुमी जेवायला चाललाव का पोहायला?"

"मोठा साहेब येणार हाय ओ."

"तसं सांगा की! मग हे सातवालं. रबर लई घट्ट हाय, वायर खोचलेली असली तरी थेंब आत जात न्हाई. खुशाल हौदात बुडवा, काढा, चालू करा. न्हाई झालं तर माझ्या नावानं बोंबला."

सातवाल्याची किंमत ऐकून राजकन्या तडक दुकानाबाहेर गेली आणि रस्त्यावरून ओरडली, "चारवालं घ्या आन् वर छत्री धरून बसा!"

शिवशंकरनं सातवालं घेतलं.

येळवसेला ऊन लखलखीत पडलं. अवकाळीचा मागमूस नव्हता. शेतात कडब्याची कोप उभी होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडले होते. शिवशंकरच्या आईनं, मंजुळाबाईंनी, पांडवांना हळदीकुंकू वाहिलं, मग शेजारच्या खोक्याकडं नजर टाकून त्यालाही वाहिलं. नवी वस्तू घरात आली की तिची पूजा होणार, मग ती म्हैस असो की मशीन. शिवशंकरनं तेवढं चालवून घेतलं. पण आईनं नारळ उचलून खोक्याच्या डोक्यावर नेम धरला तेव्हा तो चपला टाकून धावला.

"आई, थांब! ह्याचा पाण्याचा आकडा सात हाय, नारळाचा कुणाला ठाव!"

"शास्तर हाय, शिवा."

"दगडावर फोड! पांडव काय म्हणणार न्हाईत!"

नारळ दगडावर फुटला. मंजुळाबाईंनी समाधानासाठी त्यातलं निम्मं पाणी तरी खोक्यावर शिंपडलंच.

साहेब आले, जेवले. भज्जी दोनदा मागून घेतली. आंबिलीचा दुसरा तांब्या संपवून त्यांनी "वा" म्हटलं, तेव्हा शिवशंकरला किनवट नकाशावरून पुसट होताना दिसलं. मग साहेबांनी लॅपटॉप खाटेवर ठेवला, वायर खोक्यात खोचली आणि पडद्यावर हेड ऑफिसच्या मॅडम उमटल्या.

नेमके त्याच वेळी शिवशंकरचे किशन काका निघाले. येळवसेला घरातल्या कर्त्या माणसानं आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, घेऊन शेतभर फिरायचं, ज्वारीच्या धाटानं पिकावर आंबील शिंपडायची आणि आरोळ्या द्यायच्या, हा रिवाज. काका हा रिवाज गावात सगळ्यांत मोठ्या आवाजात पाळत.

"ओलगेऽ ओलगेऽऽ!"

शिवशंकरनं कोपीच्या तोंडाशी उभं राहून दोन्ही हात वरखाली केले. हळू, हळू! काकांना वाटलं, पोरगं म्हणतंय जोरात. त्यांनी छाती भरून घेतली.

"ओलगेऽऽ ओलगेऽऽऽ!"

शिवशंकरनं हात जोडले. काकांना पुतण्याची भक्ती पाहून भरून आलं आणि ते कोपीतल्या पांडवांनाच प्रदक्षिणा घालायला आत शिरले. पाय वायरीत अडकला. काका पांडवांच्या बाजूला पडले, आणि सबंध बिंदगं खोक्यावर.

आंबील खोक्यावरून सावकाश ओघळत होती. काकांना लागलं का, हे फक्त राजकन्येनं विचारलं. नवऱ्याचं लक्ष लॅपटॉपवर होतं. लॅपटॉप चालू होता! खोक्यावरचा हिरवा दिवाही चालू होता. तेवढ्यात बाहेर बांधलेल्या म्हशीनं कडब्यातून तोंड आत घातलं आणि खोकं चाटायला सुरुवात केली.

"सोनकांबळे, तिकडे काय चाललंय?" मॅडमचा आवाज आला.

"काही नाही मॅडम. म्हैस मशीन चाटतेय."

"कसलं मशीन?"

आता गप्प राहिला असता तर शिवशंकर आज लातुरात असता. पण आनंद त्याच्या अंगात मावेना. तो सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"पॉवर स्टेशन हाय मॅडम! पाण्याचा आकडा सात! पाइपनं धुवा, हौदात बुडवा, काय होत न्हाई! लाइट गेली तरी दिवसभर लॅपटॉप चालतोय! न्हाई चालला तर माझ्या नावानं बोंबला!"

मॅडमनी पुढं वाकून पाहिलं. मग साहेबांना म्हणाल्या, "जरा बाजूला या."

साहेब लॅपटॉपशी बराच वेळ कुजबुजत बसले. व्हीसी संपली तसे उठून आले आणि त्यांनी शिवशंकरच्या खांद्यावर हात ठेवला. चेहरा प्रसन्न.

"शिवशंकर, मॅडम तुमच्यावर खूश आहेत."

"साहेब, ती बदली..."

"तेच सांगतो. इतकं सुंदर जेवलो की तुमचं नाव मी मनातून काढूनच टाकलं होतं. पण अडचण अशी, की किनवटच्या शाखेचा इन्व्हर्टर गेलाय. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, काम बंद. मॅडम म्हणाल्या, हे मशीन ज्याच्याकडे आहे तोच माणूस तिथे पाहिजे."

शिवशंकरच्या तोंडातला विडा तोंडातच राहिला. "साहेब, मशीन न्या की! मी म्हणतो फुकट न्या!"

"छे, छे. ते तुमच्याशिवाय कोण सांभाळणार? किती जीव लावून समजावलंत तुम्ही!" साहेब गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, "आंबील मात्र अप्रतिम."

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिवशंकरनं खोक्याला दोर बांधला आणि ते घरामागच्या हौदात सोडलं. मशीनच बिघडलं म्हटल्यावर आपल्याला कोण कशाला नेतंय! खोकं तळाला जाईपर्यंत तो पाहत राहिला, मग आत जाऊन निवांत चहा प्याला, पेपर वाचला, आंघोळ उरकली आणि मोठ्या आशेनं दोर ओढला. खोकं निथळत वर आलं. त्यानं झाकण उघडून बटण दाबलं.

टूंऽ. हिरवा दिवा लागला.

त्यानं पुन्हा बंद केलं, खोकं दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, पुन्हा बटण दाबलं. टूंऽ. आंबिलीनं चिकट झालेलं खोकं धुऊन उलट नव्यासारखं दिसत होतं.

राजकन्या मागच्या दारात शाळेची पिशवी घेऊन उभी होती. तिनं हौद पाहिला, दोर पाहिला, नवरा पाहिला.

"चालू हाय का?"

"हाय," शिवशंकर रडवेल्या आवाजात म्हणाला.

"बरं झालं. किनवटला मिक्सर बांधून द्यावा का न्हाई, ह्याच इचारात होते." ती चपला घालत म्हणाली. "लाइट गेली तरी चटणी वाटता येईल तुम्हाला."