अनुभव पटत नाही

बाईंनी निबंध तपासायचे आणि बाईंच्या मिस्टरांनी गुणांची बेरीज करायची, अशी त्या घरातली जुनी वाटणी होती. शाळेपासून बाजारापर्यंत सगळे त्यांना ‘बाईंचे मिस्टर’ म्हणूनच ओळखत आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. विमा कचेरीत दिवसभर आकडे सांभाळल्यावर संध्याकाळी आणखी थोडे सांभाळायला त्यांचं काही जात नव्हतं. शिवाय निबंध वाचायला मिळत.

यंदाचा विषय होता ‘मला आलेला अनुभव’. खराखुरा अनुभवच लिहायचा आणि खाली तो प्रसंग पाहिलेल्या माणसाची सही आणायची, असं बाईंनी वर्गाला बजावलं होतं. मागच्या वर्षी निम्म्या वर्गाने बुडणाऱ्या माणसाला वाचवलं होतं आणि आसपास गुडघाभर पाणीसुद्धा कुठे नव्हतं.

“खोटा अनुभव मला वासावरून कळतो,” बाई म्हणत. “खऱ्या प्रसंगात एखादी तरी बिनकामाची गोष्ट असते. रचून सांगणारा सगळं कामाचंच सांगतो.”

मिस्टर आरामखुर्चीत बसून एकेक कागद चवीने वाचत होते. मागच्या गल्लीत राहणाऱ्या मुलीचा निबंध हाती आला आणि दुसऱ्याच वाक्याला ते खुर्चीत ताठ बसले.

‘क्लासहून येताना वरून हाक आली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक काका अंगाला पडदा गुंडाळून उभे होते. काकू प्रशिक्षणाला गेल्या होत्या. काका नुसत्या बनियनमध्ये, वाळलेला पडदा काढायला गॅलरीत आले आणि वाऱ्याने दार लागलं.’

पुढचं वाचायची मिस्टरांना गरजच नव्हती, तरी त्यांनी वाचलं. मुलीने शेजारची इमारत रंगवणाऱ्या दादाला शिडीसकट बोलावलं होतं. काका उतरले, पण पुढच्या दाराला आतून कडी. मग शिडी न्हाणीघराच्या खिडकीला लावली. काका निम्मे आत गेले आणि निम्मे बाहेर अडकले. ‘शिडी धरून माझाही हात रंगाने माखला होता. मी आणि दादाने एकेका हाताने खालून ढकललं. पडद्यावर दोन निळे पंजे उमटले, एक मोठा आणि एक लहान.’

खरी गोम त्या पंजांत होती. बाई परत आल्यावर मिस्टरांनी बेधडक सांगून टाकलं होतं, की रंगाऱ्यांनी वाळत घातलेल्या पडद्याला हात पुसले. बाई तडक जाऊन रंगकामाच्या कंत्राटदाराला चारचौघांत फैलावर घेऊन आल्या होत्या. त्या बिचाऱ्याने न केलेल्या गुन्ह्याची माफी मागितली होती आणि तेव्हापासून तो बाई दिसल्या की रस्ता बदलत असे.

मिस्टरांनी घाईने कागदाचा तळ पाहिला. सहीची जागा रिकामी. खाली लिहिलं होतं, ‘रंगारी दादा गावी गेला आहे. दुसरे साक्षीदार आहेत, पण नाव सांगणार नाही असा मी शब्द दिला आहे.’ त्याखाली लाल शाईत बाईंचा शेरा होता: ‘अनुभव पटत नाही. दहापैकी तीन.’

मिस्टरांचा जीव भांड्यात पडला. बायकोचं नाक आज प्रथमच चुकलं होतं, आणि तेही अगदी वेळेवर. त्यांनी झोकात बेरीज पुरी केली, वर शीळही घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीची आई मुलीला घेऊन दारात हजर झाली.

“बाई, हिने खोटं लिहिलंय का, एवढंच सांगा. काका कोण ते मलाही सांगत नाही. खोटं असेल तर मी हिचं वाचनालय बंद करते. गोष्टी वाचून वाचून डोकं फिरलंय हिचं.”

“साक्षीदाराशिवाय मी तरी काय सांगणार?” बाई शांतपणे म्हणाल्या. “अहो, पाणी आणता का जरा?”

मिस्टर पाणी घेऊन आले. मुलीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पेला उचलला आणि पाणी संपवलं. डोळे भरून आले होते, पण तिने नाव फोडलं नाही. मिस्टरांना स्वतःची मनापासून लाज वाटली. तरी त्यांनी एक पळवाट शोधून पाहिली.

“अगं, तिनाचे पाच करून टाक ना. भाषा चांगली आहे पोरीची.”

“तुम्ही फक्त बेरीज करा.”

“पण वाचनालय कशाला बंद करायचं म्हणतो मी…”

“खोटं बोलते म्हणून,” आई म्हणाली.

“खोटं नाही बोलत ती,” मिस्टर म्हणाले. “कागद आण इकडे. पेन दे.”

त्यांनी लफ्फेदार सही ठोकली. आईने सही पाहिली, मिस्टरांना नखशिखान्त न्याहाळलं, मग न्हाणीघराच्या दिशेने नजर टाकली आणि तिला जोराचा खोकला आला.

बाईंनी मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता जुन्या शेऱ्यावर आणि तिनावर काट मारली आणि नऊ लिहिले.

“तुला धक्का नाही बसला?” मिस्टरांनी चाचरत विचारलं.

“कशाचा? वाचताक्षणीच पटलं होतं मला. दोन निळे पंजे, एक मोठा आणि एक लहान, असं कोण कशाला रचेल? पडदा आपल्याच कपाटात आहे, जाऊन मोजले मी. हिला शाळेतच सांगितलं होतं, नाव सांगू नकोस, शब्द पाळ. साक्षीदार आपणहून उठतो का ते मला बघायचं होतं. काल तर शीळ घालत होता.”

मुलगी डोळे पुसत हसली.

“उद्या सकाळी आपण दोघं कंत्राटदाराकडे जाणार आहोत,” बाई म्हणाल्या. “माफी मी मागेन. कारण तुम्ही सांगायचं. पडदा बरोबर घ्या.”

मिस्टरांनी मान डोलवली. मनावरचं ओझं उतरल्यामुळे त्यांना पुन्हा थोडा जोर चढला होता. “मग पोरीचा एक गुण का कापलास? मी सही केली आहे. सगळं अक्षरन्‌अक्षर खरं आहे.”

बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘एवढं होऊनही काका जराही घाबरले नाहीत.’

मग बाईंनी तिच्या शेजारी लाल शाईत नवा शेरा लिहिला, ‘अनुभव पटत नाही.’ आणि त्या ओळीखालीच मिस्टरांची सही होती.